ट्रम्पेटवाल्याचं नाव आधी लिही

वसमत, श्रावण

चि. ओंकार,


तू पाठवलेली सगळी गाणी ऐकली, तीही मामीची बोलणी खात मोठ्या स्पीकरवर. शब्द चांगले आहेत. आपली हिंगोलीची बोली तू कुठे पुणेरी करायला जात नाहीस, हे मला फार आवडलं. पण अल्बमच्या नावाखाली तू ‘जॅझ’ असं लिहिलं आहेस, त्यावर बोलायचं आहे. तुझ्या गाण्यांत सॅक्सोफोन आहे, जॅझ अजून यायचा आहे. नेटवरून उचललेला तुकडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तसाच फिरत राहतो. तिसऱ्या गाण्यात तू बापाच्या कर्जावर येतोस, आवाज खाली जातो, मधे दम घेतोस, आणि सॅक्सोफोन मागे आपला मजेत! त्याला तुझं काही ऐकूच येत नाही. जॅझ वाजवणारा आधी ऐकतो, मग उत्तर देतो.

तू ज्यांना मानतोस त्यांचंच बघ. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या अमेरिकी रॅप गटाची मंडळी जुन्या रेकॉर्डींचे तुकडे घेण्यात तरबेज. तरी 1991च्या ‘द लो एंड थिअरी’साठी त्यांनी रॉन कार्टरला बोलावलं. माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला हा बुजुर्ग माणूस त्या पोरांच्या गाण्यात डबल बास वाजवून गेला. बीट बनवणाऱ्या जे डिलाचं नाव तर तुझ्या तोंडात सतत असतं. त्याने एमपीसी या यंत्रावर ठोके बोटांनी वाजवले आणि ते सरळ रेषेत बसवणारी सोय बऱ्याचदा वापरलीच नाही. म्हणून त्याचा ठोका जिवंत वाटतो. तुझा प्रत्येक स्नेअर मात्र संचलनातल्या पोलिसासारखा पाऊल टाकतो.

आणि हे काही अमेरिकेतच घडतं असं नाही. सी. रामचंद्र मूळचे पुणतांब्याचे चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांना जॅझचा रंग हवा होता तेव्हा त्यांनी चिक चॉकलेटला हाताशी धरलं. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट गाजवणारा. 1951च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त चिक आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. एक मराठी, एक गोंयकार. दोघांनी एकमेकांचं ऐकलं, म्हणून ती गाणी अजून पाय हलवतात.

तुला मुंबईला जायची गरज नाही. हिंगोलीत लग्नाचे बँडवाले आहेत ना! ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, सगळं त्यांच्याकडे आहे. उन्हात, घोड्याच्या मागे, नवरदेवाच्या मित्रांच्या फर्माइशी झेलत ते तासन्‌तास वाजवतात. नाचणाऱ्यांचा अंदाज घेऊन जागेवर गाणं वळवतात. ऐकून उत्तर देणं आणखी काय असतं? सध्या ते चातुर्मासामुळे घरी आहेत. तुझं गाणं त्यांना ऐकव, शब्द समजावून सांग आणि ‘असं वाजवा’ म्हणू नकोस. पहिले दोन-चार प्रयत्न फिल्मी होतील, होऊ देत. रेकॉर्डिंग चालूच ठेव.

एक व्यवहाराची गोष्ट. ट्रम्पेट बी फ्लॅटचं, म्हणजे आपल्या काळी पाचचं. तुझं चौथं गाणं पांढरी तीनमध्ये आहे, ते त्या वाजवणाऱ्याच्या बोटांना फार अडचणीचं पडतं. अर्धा सूर चढवून पांढरी चारमध्ये घे, त्याला एकदम मोकळं होईल. तुझ्या गळ्यालाही झेपेल, मी गाऊन पाहिलं.

नामदेवांच्या अभंगाचं गाणं मात्र काढून टाक. नर्सी आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून अभंग घ्यायलाच हवा असं कुणी सांगितलं? खाली सॅक्सोफोन, वर टाळ, आणि तुझं म्हणणं त्यात कुठेच नाही. ते भक्तीचं झालं नाही आणि जॅझचंही.

‘अलबेला’चा तुकडा तू दुसऱ्या गाण्यात वापरला आहेस. जपून. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा, तेव्हा 1951च्या रेकॉर्डवरचा 2011ला संपला. पण चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. सी. रामचंद्र 1982मध्ये गेले, म्हणजे 2042 अखेरपर्यंत ती चाल बांधलेली आहे, आणि परदेशातले नियम आणखी वेगळे. परवानगी काढ, नाहीतर त्या जागी आपल्या ट्रम्पेटवाल्याकडून नवं काहीतरी वाजवून घे. मी दुसरं करीन.

आणि नावाचं विसरू नकोस. त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या कितीतरी वादकांनी गाणी सजवली. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव आलं, गायकाचं आलं, यांचं बहुतेक वेळा आलंच नाही. तू अल्बमवर वाजवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव लिही, तुझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. पैसे सुपारीच्या दराने दे, ‘प्रसिद्धी मिळेल काका’ असलं काही सांगू नकोस. पैसे कमी पडले तर माझ्याकडून घे, आईला मधे घालू नकोस.

जायचं ते गणपती बसायच्या आत जा. मिरवणुका सुरू झाल्या की बँडवाला तुझ्या हाती लागणार नाही.

तुझा,
मामा