जुनी मोटार भंगारातून सोडवताय? आधी आरसी बघा, मग पैसे काढा

सोसायटी पुनर्विकासाला गेली की पार्किंगमध्ये कव्हरखाली उभ्या असलेल्या गाड्यांवर नोटीस चिकटते. वाडा विकला जातो आणि मागच्या अंगणातली फियाट अडचण होते. वडिलांची अँबॅसिडर ठेवायला मुलांकडे जागा नसते. भंगारवाला फोनवर भाव सांगतो, दोन दिवसांत टेम्पो आणतो आणि रोख मोजून गाडी उचलतो. गाडी वाचवायची तर तुमच्या हातात तेवढेच दोन दिवस आहेत.

पहिले काम म्हणजे मालकाला थांबवणे. भंगाराचा भाव वजनावर ठरतो. प्रीमियर पद्मिनीचे वजन साधारण ९०० किलो. किलोला २५ रुपये धरले तर २२,५०० रुपये होतात. तुमच्या भागातला चालू दर विचारा, गुणाकार करा आणि त्यावर पाच-दहा हजार जास्त देऊ करा. बहुतेक घरांना एवढे पुरते. मालकाला आणखी एक गोष्ट सांगा. गाडी विनापरवाना भंगारवाल्याला दिली तर आरसी त्यांच्याच नावावर राहते. तो नंबर पुढे कुठल्या गाडीवर लागला आणि काही घडले, तर पोलीस त्यांच्याच दारात येतात. ही भीती खरी आहे, आणि तुमच्याशी लेखी व्यवहार केला तर ती राहत नाही.

गाडी घराबाहेर गेली असेल तर ती कुठे आहे त्यावर सगळे ठरते. महापालिकेने बेवारस म्हणून नोटीस लावली असेल, तर नोटिशीवरची मुदत बघा आणि त्याआधी मालकाला कागद घेऊन वॉर्ड ऑफिसात पाठवा. उचलून नेली असेल तर उचलण्याचा आणि जागेचा आकार भरावा लागतो, आणि जागेचा आकार वाढत जातो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गेली असेल तर त्याच दिवशी धावा. तिथे गाडी जमा झाल्याचे प्रमाणपत्र निघते आणि नोंद सरकारी ‘वाहन’ प्रणालीत चढते. परत मागायची तर मालकानेच मागायला हवी, तीही प्रमाणपत्र निघण्याआधी. नोंदणी रद्द झाल्यावर फार तर सुटे भाग हाती लागतील.

पोलिसांच्या किंवा सरकारी लिलावातली गाडी घेत असाल तर अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘फक्त भंगार म्हणून’ असे लिहिले असेल तर ती पुन्हा रस्त्यावर येणार नाही, कितीही खर्च केलात तरी. वाहन म्हणून विकली जात असेल तर लिलावाची कागदपत्रे जोडून फॉर्म ३२ भरून ती तुमच्या नावावर होते.

कागद

पैसे देण्याआधी आरसी बुक हातात घ्या. झेरॉक्स चालणार नाही. गाडीचा नंबर परिवहन पोर्टलवर टाका. नोंद दिसली तर मालकाचे नाव, आरसीची मुदत, बँकेचा बोजा आणि थकलेली चलने तपासा. बोजा बहुतेक वेळा जुन्या, कधीच फिटलेल्या कर्जाचा असतो, पण कागदावर तो जिवंत असतो. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मालकानेच आणून द्यायचे, अशी अट घाला. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर याच कामात महिने जातात.

नोंद दिसलीच नाही तर घाबरू नका. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या पुष्कळ गाड्या अजून संगणकावर आलेल्याच नाहीत. ज्या आरटीओत गाडीची पहिली नोंदणी झाली तिथे जाऊन जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते. ती चढेपर्यंत ट्रान्सफर होत नाही, नूतनीकरण होत नाही, आणि एचएसआरपी पाटीही मिळत नाही. गाडी ताब्यात घेण्याआधी मालकाला सोबत घेऊन आरटीओत एक फेरी मारा आणि रजिस्टरमध्ये नोंद सापडते का ते विचारा. सापडली नाही तर गाडी घेऊ नका, किंवा सुट्या भागांच्या भावाने घ्या.

साध्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक हयात नसेल तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. एक भाऊ अमेरिकेत आणि बहीण बोलत नाही, असे असेल तर आधी सह्या जमवा, मग गाडीला हात लावा. आरसी हरवली असेल तर पोलीस तक्रार आणि फॉर्म २६. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर वेगळा. विक्रीचा करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा आणि ताबा घेतल्याची तारीखच नाही, वेळही लिहा.

आता चेसिस नंबर. बॉनेट उघडा, पत्र्यावर ठोकलेला नंबर शोधा, रॉकेलच्या फडक्याने मळ काढा. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरे उमटतील. आरटीओला हाच पेन्सिल प्रिंट लागतो. तो आरसीशी एकेक आकडा लावून बघा, इंजिन नंबरही बघा. गंज असला तरी नंबरावर ग्राइंडर चालवू देऊ नका. ‘पुसट आहे, नवीन ठोकून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडून लगेच गाडी काढून घ्या. भंगारात गेलेल्या एका गाडीची आरसी दुसऱ्या गाडीला लावण्याचा धंदा जोरात आहे. ‘कागद करून देतो’ याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. तो गुन्हा आहे, आणि पकडली गेली तर तुमची गाडी मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात कुजते.

शुल्क: दोन वाटा

कायद्याने ‘व्हिंटेज’ म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपातली गाडी. जुलै २०२१ मध्ये हे नियम आले. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ मध्ये लागले, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता कुठे या वयात येत आहेत. डुक्कर फियाट, ११०० डिलाइट, स्टँडर्ड हेरल्ड, अँबॅसिडरचे मार्क १ आणि मार्क २ आरामात बसतात. १९८५ ची पद्मिनी कितीही देखणी असली तरी बसत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडीही बसत नाही. मायलेजसाठी डिझेल इंजिन टाकलेल्या अँबॅसिडर इथेच बाद होतात.

व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या वेळी ५,००० रुपये. अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा आणि जुनी आरसी, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. राज्याची समिती गाडी तपासते. निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे. भारतात आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तो ठेवाच, गाडीचे अर्धे मोल त्यात असते. नव्याने नोंदल्या गेलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए मालिका मिळते.

पण ही गाडी घेऊन रोज ऑफिसला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्ता. लग्नाला भाड्याने देण्याचा विचार असेल तर तो सोडा, व्यावसायिक वापराला बंदी आहे.

दुसरी वाट नेहमीच्या नूतनीकरणाची. फॉर्म २५, पाच वर्षांसाठी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारीला १०,००० रुपये, आयात मोटारीला ८०,००० रुपये. गणित सरळ आहे. देशी गाडीला दहा वर्षांचा खर्च दोन्हीकडे २०,००० रुपयेच पडतो आणि नेहमीच्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येते. म्हणून १९७० ची फियाट रविवारी कुटुंबासह फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवा. आयात केलेली, वर्षातून दोन रॅलींना निघणारी गाडी असेल तर व्हिंटेज करा.

छुपा खर्च विलंबशुल्काचा. आरसीची मुदत संपल्यावर मोटारीला दरमहा ५०० रुपये. पाच वर्षे झाली असतील तर ३०,००० रुपये, म्हणजे पद्मिनीच्या भंगारभावाहून जास्त. हा आकडा आरटीओतून काढून घ्या आणि भाव ठरवतानाच वजा करा. मालकाला तो माहीत नसतो, भंगारवाल्याला त्याच्याशी देणेघेणे नसते, भरायचा तुम्हीच. त्यावर पर्यावरण कर. पेट्रोल मोटारीला तो बरीच वर्षे पाच वर्षांसाठी ३,००० रुपये होता, चालू दर भरताना तपासा. एचएसआरपीचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. पीयूसीही लागते.

विमा: १००० ते १५०० सीसी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. पद्मिनी याच गटात येते. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या मोटारीला निम्मा हप्ता आहे, पण एजंट तो आपणहून सांगेलच असे नाही.

आरटीओ एजंटने ‘सगळे मिळून’ आकडा सांगितला तर सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगळे लिहून मागा. शुल्क ऑनलाइन भरता येते, पावती तुमच्या मोबाइलवर यायला हवी.

उचलणे

फ्लॅटबेडच बोलवा. शहरातल्या शहरात तीन ते सहा हजार रुपये धरा, पुण्याहून कोल्हापूरला न्यायची तर किलोमीटरवर ठरते. क्रेनचा हूक बंपरला लावला की बंपरही जातो आणि गंजलेला पत्राही. पद्मिनी आणि अँबॅसिडरला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. खालचा पत्रा कुजलेला असेल तर उचलताना दरवाजे अडकतात. लक्षात ठेवा, मुदत संपलेली गाडी आरटीओत तपासणीलाही फ्लॅटबेडवरच न्यावी लागते. जाऊन-येऊन भाडे दुप्पट, तपासणीत नापास झाली तर चौपट.

पैसे देण्याच्या क्षणाआधी प्रत्येक भागाचा फोटो काढा: मागची-पुढची काच, दिव्यांच्या रिंगा, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, मीटर, दारांच्या मुठी, कार्बोरेटर, डायनॅमो. सौदा आणि ताबा यांत एक रात्र गेली तरी हे भाग पाय फुटल्यासारखे निघून जातात. इंजिनाचे भाग मुंबईत कुर्ल्यात, चोरबाजारात, दिल्लीत मायापुरीत सापडतात. काच, क्रोम पट्ट्या आणि मूळ नावपट्टी सापडायला वर्ष जाते.

दुरुस्ती

पत्र्याला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे. पूर्ण डेंटिंग-पेंटिंगला एक ते अडीच लाख, इंजिन उघडून बांधायला पन्नास हजारांपासून पुढे, वायरिंग, ब्रेक आणि टायर मिळून आणखी पन्नास हजारांचा अंदाज ठेवा. पेंटिंगला शेवटी हात घाला. गॅरेजवाले आधी रंग सुचवतात, कारण त्यात पैसा लवकर सुटतो. तपासणीला ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर लागतात. रंग फिका असला तरी चालतो. ॲडव्हान्स टप्प्याटप्प्याने द्या आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा.

मूळ भाग ओळखणारा माणूस हवा असेल तर मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या सदस्यांना विचारा. कुठला मेकॅनिक आता खरोखर काम करतो हे त्यांना ठाऊक असते.

गाडी घरी आली की लगेच सेल्फ मारू नका. टाकीतले जुने पेट्रोल डिंकासारखे झालेले असते, ते काढून टाकी धुऊन घ्या. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि इंजिन हाताने फिरवून बघा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा न विचारता बदला. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुने रबर टिकत नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गळणारा पाइप गाडीला आग लावू शकतो. इथेनॉल सोसणारेच पाइप मागा, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.