उबंटूची स्थापना आणि काळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. ज्या संगणकांत टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नाही, ते विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. संगणक धडधाकट असला तरी सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नसलेल्या प्रणालीवरून नेट बँकिंग करणे शहाणपणाचे नाही. त्यामुळे अनेक घरांत आणि लहान कार्यालयांत उबंटूसारख्या विनामूल्य लिनक्स प्रणालीचा विचार होऊ लागला. उबंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, तर एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीला पाच वर्षांचे नियमित पाठबळ आहे.

पेन ड्राइव्ह तयार होतो, संगणक सुरू होतो, उबंटूची यादी पडद्यावर उमटते, एंटर दाबले जाते आणि पडदा काळाठिक्कर पडतो. पंख्याचा आवाज येत असतो, दिवा जळत असतो. पण समोर काहीच नसते. अशा वेळी पहिली शंका येते ती जुन्या माहितीविषयी. दहा वर्षांची छायाचित्रे, विवरणपत्रे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सारे पुसले गेले की काय?

तसे झालेले नसते. पेन ड्राइव्हवरून सुरू झालेली उबंटू प्रथम संगणकाच्या स्मृतीतच चालते. डिस्कची मांडणी दाखवून, वापरणाऱ्याची अखेरची संमती घेतल्याखेरीज ती हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही. म्हणून यादीनंतर लगेच पडदा काळा झाला असेल, तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करण्यात धोका नाही. मात्र फाइली उतरविण्याचे काम सुरू झाल्यानंतर पडदा काळा झाला, तर घाई करू नये. माउस हलवून पाहावा, थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा तो केवळ वीजबचतीसाठी मिटलेला पडदा असतो. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर आधीच काढलेली असावी, हे अर्थातच गृहीत आहे.

पडदा काळा का होतो, याचे उत्तर रंजक आहे. संगणक सुरू होताना त्याच्या मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली पडद्यावर साधे चित्र उभे करते. यादी दिसते ती याच व्यवस्थेमुळे. पुढे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पडद्याचा ताबा घेतो आणि किती बिंदूंचे चित्र दाखवायचे, ते सेकंदाला किती वेळा ताजे करायचे, हे ठरवितो. पूर्वी हे काम कर्नलच्या बाहेर होत असे. मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ते प्रथम कर्नलमध्ये आले. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो नावाचा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला. कंपनीकडून पुरेशी तांत्रिक माहिती नसताना, कार्डाचे वर्तन पाहून स्वयंसेवकांनी तो रचला होता. तो चालतो हेच कौतुकाचे. पण काही कार्डांपुढे तो अडखळतो, आणि सत्तांतराच्या त्या क्षणी चित्र हरवते.

ग्राफिक्सवर दोष ठेवण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी सूचना येत असेल, तर केबल तपासावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपमध्ये ती कार्डाला जोडायची असते, मदरबोर्डाच्या तोंडाला नव्हे. या एका चुकीने कित्येकांच्या रात्री खर्ची पडल्या आहेत.

केबल योग्य असेल तर संगणक पुन्हा सुरू करून उबंटूच्या यादीतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडावा. बहुतेकांचे काम येथेच भागते. तो पर्याय नसेल, तर वरच्या ओळीवर थांबून इंग्रजी ‘ई’ ही कळ दाबावी. काही ओळींचा मजकूर उघडेल. त्यात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ हे दोन शब्द शोधावेत आणि त्यांच्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा : एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, नऊ अक्षरे, सलग आणि लहान लिपीत. नंतर एफ१० दाबावे. पडद्याची मांडणी स्वतः बदलू नको, मूळ आज्ञावलीने उभारलेल्या चित्रावरच काम चालव, असे हा शब्द कर्नलला सांगतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. चूक झाली तरी एस्केप दाबून मागे येता येते. एवढ्याने पडदा उजळला नाही, तर पुढच्या खेपेस ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्दच पुसावेत. मग काळ्या पडद्याऐवजी संदेशांच्या ओळी धावू लागतात आणि गाडी नेमकी कोठे अडली, हे जाणकाराला दाखविता येते.

स्थापना पूर्ण झाल्यावर पहिल्याच सुरुवातीस पडदा पुन्हा काळा होऊ शकतो. तेव्हा सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून यादी आणावी व तीच कृती करावी. आत गेल्यावर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतून एनव्हिडियाचा शिफारस केलेला ड्रायव्हर बसवावा. सिक्युअर बूट चालू असल्यास या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. पुढच्या सुरुवातीस निळा पडदा काही सेकंदच येतो. त्यात ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही संधी हुकली तर नवा ड्रायव्हर चालू होत नाही आणि आधीचे सारे श्रम वाया गेल्यासारखे वाटतात. ‘नोमोडसेट’ ही कुबडी आहे. ती कायम ठेवल्यास चित्र जाडेभरडे राहू शकते, लॅपटॉपवर उजेड कमी-जास्त करणेही अनेकदा बंद पडते. ड्रायव्हर बसल्यावर ती काढावी.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर उपलब्ध असल्याची खात्री जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी करावी.

काळ्या पडद्यापुढे गोंधळलेला माणूस मोबाइलवर मदतीचा क्रमांक शोधू लागतो, आणि ठकसेन अशाच माणसाच्या शोधात असतात. उबंटूच्या स्थापनेसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. कार्डाचा क्रमांक, पिन किंवा ओटीपी कोणत्याही टप्प्यावर लागत नाही. दूरध्वनीवरून दुरुस्तीचे आश्वासन देऊन मोबाइलवर एखादे ॲप उतरवायला सांगणाऱ्याचा फोन तेथेच ठेवावा. संगणक काळ्या पडद्यासह रात्रभर बंद राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही.