सायकल फेरीतून गणित : म्हसवड ते राजेवाडी तलाव

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, सिद्धनाथ मंदिरापासून राजेवाडी तलावापर्यंतची सायकल फेरी मुलांनाच आखू द्या. माणगंगेवरचा हा ब्रिटिशकालीन तलाव सातारा-सांगलीच्या सीमेवर आहे.

१) दोऱ्याने चाकाचा घेर मोजा. घेर २ मीटर असेल, तर एका किलोमीटरला चाक ५०० वेळा फिरेल.

२) वेळ काढा. ताशी ८ किमी वेगाने १२ किमीला दीड तास. वेग मात्र सर्वांत हळू चालवणाऱ्या मुलाचा धरा. नाहीतर तेच लेकरू मागे एकटं पडतं.

३) पंढरपूरचा हमरस्ता टाळा. वाट सपाट, पण माणदेशात सावली कमी. दोन बाटल्या पाणी घ्या, नऊच्या आत परता. तलावात कुणी उतरायचं नाही.