मगनवाडीत दिसणारा फरक

"सर, पोट्टी म्हणते मी एनजीओत जातो. तिथं पगार देतेत का?" देवळीकडचा कापूस पिकवणारा बाप विचारत होता. शेजारी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाची लेक. खरी धास्ती पुढच्या वाक्यात होती. "ना-नफा संस्था म्हणते. नफाच नाही, त पगार कुठून देतीन?"

हा घोळ घरोघरी आहे. ना-नफा म्हणजे संस्थेकडे पैसा उरत नाही असं नव्हे. उरलेला पैसा सभासदांना किंवा विश्वस्तांना वाटून घेता येत नाही, तो कामातच घालावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पगार हा खर्च आहे, आणि माणसं ठेवली की तो आलाच. एनजीओ हा शब्द मात्र पैशाबद्दल बोलतच नाही. संस्था सरकारची नाही, इतकंच तो सांगतो. नोंदणीही त्या नावाने होत नाही. कुणी 1860 च्या कायद्याखाली सोसायटी असतं, कुणी महाराष्ट्राच्या 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, तर कुणी 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 8 ची कंपनी.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर वर्ध्याच्या मगनवाडीत चक्कर मारावी. 1934 साली निघालेल्या ग्रामोद्योग संघाचं हे ठाणं, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथेच राबले. 1938 चं मगन संग्रहालय इथे आहे. खादी आणि नैसर्गिक रंगांचं काम करणारी स्वयंसेवी संस्था ते चालवते. त्याच मगनवाडीत एमगिरी, म्हणजे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. कागदावर तीही सोसायटी, तीही ना-नफा. पण ती केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली येते. म्हणजे ना-नफा आहे, एनजीओ नाही. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्याहून अवघड. 1969 पासून ते कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते, आणि खर्चाचा मोठा वाटा केंद्र व राज्य सरकार उचलतं. त्याला कोणत्या खणात बसवायचं, या फंदात मी पडत नाही.

कारण नोकरी करणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. पैसा कुठून येतो, आणि कधीपर्यंत? ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चावी लागते. त्यातून प्रोजेक्ट येतात आणि मुदत संपली की जातात. परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची परवानगी लागते. ती गेली की त्या पैशावरचे पगारही गेले. माझी स्वतःची नेमणुकीची पहिली ऑर्डर 11 महिन्यांची होती. बारावा महिना 'नवीन प्रोजेक्ट येतोच आहे' या भरवशावर काढला, घरी पत्ता लागू न देता.

म्हणून मुलाखतीत लाजू नये. प्रोजेक्ट किती महिन्यांचा, ऑर्डर कुणाच्या सहीची, हातात मानधन की पगार, पीएफ कापता का, हे सरळ विचारावं. मागचा प्रोजेक्ट संपल्यावर त्यातली माणसं कुठे गेली, हेही विचारावं. चांगली संस्था या प्रश्नाला उत्तर देते. वाईट संस्था सेवाभावावर बोलू लागते.

लेकीने सगळं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. बापाने एकच लक्षात ठेवलं. दारातून वळून म्हणाला, "पोरी, पीएफवाली पाह्य बरं."