खांद्यावरची पिशवी, ट्रकमधली बॅग

ज्येष्ठ लागला की ओळखीच्या बायकांचे फोन सुरू होतात. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचं ठरलेलं असतं, दिंडीची भिशी भरून झालेली असते आणि प्रश्न एकच असतो, "ताई, बरोबर काय काय घेऊ?" मी त्यांना सांगते, काय घ्यायचं ते नंतर बघू; कोणत्या वेळी काय हाताशी लागेल ते आधी ठरवा. वारीत सामानाला दोनच जागा असतात, आपला खांदा आणि दिंडीचा ट्रक. पहाटे तंबू उतरले की बॅग ट्रकमध्ये चढते, ती थेट रात्रीच्या मुक्कामाला भेटते. मधल्या वेळात ऊन लागो, पाऊस लागो, पोटात दुखो, खांद्यावरच्या पिशवीत जे असेल तेवढंच आपलं. वारीच्या साऱ्या बांधाबांधीचं मूळ यात आहे.

1. तयारी पायांपासून सुरू करा. बॅग दोन दिवसांत भरून होते, पाय दोन दिवसांत तयार होत नाहीत. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची आणि बहुतेक सगळी डांबरी आहे. निदान दोन महिने आधीपासून रोज चाला आणि त्यातलं थोडं चालणं उन्हात, डांबरावर होऊ द्या. वारीत जी चप्पल किंवा बूट वापरणार, तेच घालून चाला. नवी कोरी चप्पल घालून आळंदीला यायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. टाचांच्या भेगांना रोज रात्री कोकमाचं तेल लावा. निघताना भेग उघडी असली तर आठवडाभरात तिची जखम होते. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. मधुमेह असेल तर अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नका आणि रोज रात्री तळपाय आरशात बघा किंवा शेजारणीला बघायला सांगा. पायाची जाणीव कमी झालेली असली की फोड दुखत नाही, आणि न दुखणारा फोडच घात करतो.

2. आषाढी कोणत्या तारखेला आहे ते बघा. 2023 साली ती 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला. एवढ्या फरकाने बॅग बदलते. तारीख लवकर आली तर वाटेत उन्हाळाच जास्त भेटतो. उशिरा आली तर पुणे आणि दिवे घाटात बहुधा पाऊस झोडपतो. पण घाट चढून सासवडच्या पुढे गेलं की मुलूख बदलतो. फलटण, माळशिरस हा पर्जन्यछायेचा पट्टा. तिथे धूळ, ऊन आणि मधूनच एखादी जोरदार सर. म्हणून रेनकोटइतकंच डोक्यावरचं उपरणं महत्त्वाचं. ते ओलं करून डोक्यावर घेतलं की दुपार सुसह्य होते. छत्री मात्र मी नेत नाही. रांगेत चालताना ती पुढच्याच्या डोळ्याला लागते आणि टाळ वाजवायला हात मोकळे हवेत.

3. ट्रकमधली बॅग उलटी भरा. हे मला आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या एका आजींनी शिकवलं. त्यांचं सामान युरियाच्या धुतलेल्या पिशवीत असतं, आत जाड प्लॅस्टिकची दुसरी पिशवी, तोंडाला सुतळी. मी भरत असताना शेजारी बसून म्हणाल्या, "बाई, रातीला लागतंय ते वर ठेव. पंढरपुरात लागतंय ते तळाला."

आता मुक्कामावरची वेळ डोळ्यांसमोर आणा. दिवस मावळलेला, पाऊस चालू, वीज नाही. ट्रकच्या फाळक्यावर उभा असलेला मुलगा एकेक बॅग खाली देतोय आणि खाली पन्नास माणसं टॉर्च मारून आपापली शोधताहेत. बॅग मिळाली की ओल्या जमिनीवर सगळ्यात आधी हवा असतो प्लॅस्टिकचा कागद. तो सर्वांत वर. त्याच्याखाली सतरंजी, मग कोरडे कपडे आणि पांघरूण, मग पहाटे नेसायचं लुगडं आणि आंघोळीचं सामान. एकादशीसाठी जपलेली साडी पार तळाशी. या क्रमाने भरलेली बॅग अंधारात नुसत्या हाताच्या अंदाजाने उघडता येते. आजी तर टॉर्चही लावत नाहीत. बाकीच्यांचं अजून उपसणं चाललेलं असतं तोवर त्यांची सतरंजी अंथरलेली असते, तेल लावून पाय पसरलेले असतात आणि त्या शेजारच्या पोरीचा तंबू ताणायला मदत करत असतात.

बॅगेवर नाव, गाव आणि दिंडीचा क्रमांक तेलरंगाने लिहा. खडूने किंवा शाईने लिहिलेलं पहिल्याच सरीत धुऊन जातं. एकसारख्या काळ्या बॅगा खूप असतात, म्हणून दोन्ही बाजूंना रंगीत कापडाचा तुकडा शिवा. चाकांची बॅग नको. शेतातल्या चिखलात चाकं फिरत नाहीत. वजन इतकंच ठेवा की ट्रकवर चढवताना दुसऱ्याला हाक मारावी लागणार नाही. ती मुलं रोज पहाटे तीन-साडेतीनला दिंडीभराचं ओझं उचलतात, मग तंबू, मग भांडी. आपल्या बॅगेतली प्रत्येक जादा वस्तू त्यांच्या पाठीवर जाते, हे भरतानाच मनात असू द्यावं.

4. खांद्यावरच्या पिशवीत पाणी, टाळ आणि हरिपाठाची पुस्तिका. पावसासाठी प्लॅस्टिक. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. क्षारसंजीवनीची दोन पाकिटं. ती संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सुटे पैसे, आधारकार्डाची झेरॉक्स, टॉर्च. चिंधीत गुंडाळलेली व्हॅसलिनची डबी, कारण मांड्या घासायला लागल्या की लाजेने कुणी बोलत नाही आणि संध्याकाळी पाऊल टाकवत नाही. निघायच्या आधी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना लावायचं.

एक कागद मात्र जरूर: स्वतःचं नाव, दिंडीचा क्रमांक, ती रथापुढे चालते की रथामागे, दिंडीतल्या दोन माणसांचे आणि घरचा एक असे फोन नंबर. प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. गर्दीत मोबाइल लागत नाही किंवा त्याची बॅटरी उतरलेली असते. वयस्कर माणूस चुकलं, गांगरलं, की त्याला नंबर आठवत नाही. तो कागद पाहून कुणीही माउली त्याला नेऊन सोडते.

5. औषधं दोन ठिकाणी ठेवा. वाहतूक अडली की ट्रक उशिरा येतो, म्हणून रक्तदाबाच्या आणि साखरेच्या निदान दोन दिवसांच्या गोळ्या खांद्यावर, बाकीच्या बॅगेत. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर वारीत ती कधी घ्यायची, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारा.

6. वाळेल तेच कपडे. सुती साडी मऊ असते, पण भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. चालायला पातळ सिंथेटिक, झोपायला सुती. जाड टॉवेलऐवजी पंचा. तीन जोड पुष्कळ झाले: एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. वाळवायला दोरी सगळीकडे मिळतेच असं नाही. दोघी साडीची दोन टोकं धरून बोलत उभ्या राहिल्या तरी वाऱ्यावर ती थोड्या वेळात वाळते.

7. बायकांनी आपली सोय आपण बघावी, संकोच नको. आंघोळ पहाटेच्या अंधारात टँकरपाशी होते, म्हणून वरून घालायला एक ढगळ गाऊन ठेवा. फिरती शौचालयं आता असतात, तरी पाण्याची बाटली आणि साबण आपला. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि जुन्या वर्तमानपत्राचे कागद खांद्यावरच्या पिशवीतच हवेत. दिंडीत कुणाला तरी ते लागतातच.

8. पुण्यातल्या मुक्कामात बॅग पुन्हा उघडा. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री असते. तोवर काय लागतं आणि काय नुसतंच फिरतंय ते कळलेलं असतं. नको ते नातेवाइकांकडे ठेवून द्या. पुढचा टप्पा पुणे ते सासवड, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट. शिवाय त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. उपास असेल तर राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर आदल्या रात्रीच खांद्यावरच्या पिशवीत घाला. ट्रकमध्ये राहिले तर घाट उपाशीपोटी चढावा लागतो.

9. सोनं घरी. गळ्यात काळे मणी आणि तुळशीची माळ.

10. घराची बांधाबांध बॅगेच्या आधी करा. मागे सासू-सासरे असतील तर त्यांच्या गोळ्यांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा आणि त्यांच्याकडे कोण येणार ते नक्की करा. शेतकरी घरात पेरणीचं गणित असतं. मृग वेळेवर बरसला तर पेरून निघता येतं, नाहीतर घरातलं एक माणूस मागे राहतं. त्या मागे राहिलेल्याचीही वारी मी पूर्ण मानते. त्याच्यामुळेच आपलं चित्त वाटेवर राहतं.

11. परतीचं आळंदीलाच ठरवा. पालख्या गोपाळपूरचा काला होईपर्यंत, म्हणजे पौर्णिमेपर्यंत, पंढरपुरात असतात; बरीच माणसं मात्र एकादशीचं किंवा द्वादशीचं उरकून निघतात. एस.टी. पकडायची असेल तर दिंडीचा ट्रक पंढरपुरात कुठे लागणार ते वाखरीलाच विचारून घ्या, आणि बॅग दशमीच्या रात्रीच ताब्यात घ्या. एकादशीच्या गर्दीत ट्रकपर्यंत पोचायलाच तासन्‌तास जातात. आणि बॅगेत एक रिकामी कापडी पिशवी घडी करून ठेवा. चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का यांना कोरडी जागा लागते, आणि शेजारपाजारी प्रसाद न्यायचाच असतो.