वस्त्यांची नावे

मनुष्य एकेकटा राहत नाही; तो वस्ती करून राहतो आणि वस्तीला नाव देतो. मराठीत जसे वाडी, खेडे, कसबा, शहर हे शब्द आहेत, तसे इंग्रजीत हॅम्लेट, व्हिलेज, टाउन आणि सिटी हे शब्द आहेत. वरवर पाहता ते केवळ वस्तीचा लहानमोठेपणा दाखवितात असे वाटते. परंतु प्रत्येकाच्या पोटी जुना इतिहास दडलेला आहे.

'हॅम्लेट' म्हणजे थोड्याशा घरांची वाडी. हा शब्द 'घर' या अर्थाच्या एका प्राचीन शब्दापासून निघाला असून इंग्रजीतील 'होम' हा त्याचाच भाऊबंद होय. 'व्हिलेज' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'व्हिला' या शब्दात आहे. रोमन लोकांची व्हिला म्हणजे शेतमळ्यावरील वाडा. इंग्लंडमध्ये पूर्वापार ज्या वस्तीत चर्च असे, तिला व्हिलेज म्हणत; जिच्यात ते नसे, ती हॅम्लेट.

'टाउन' या शब्दाचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. तो अर्थ म्हणजे कुंपण! पुढे कुंपणाच्या आतील आवार आणि मग तेथील गाव, असा अर्थ विस्तारत गेला. मध्ययुगात बाजार भरविण्याची सनद मिळालेली पुष्कळ गावे भरभराटली आणि टाउन म्हणून नावाजली. बर्मिंगहॅम येथील एजबॅस्टनचे क्रिकेटचे मैदान प्रसिद्ध आहे. एजबॅस्टन या नावाच्या शेवटी ते जुने कुंपण आजही उभे आहे, तर बर्मिंगहॅमच्या शेवटी जुने घर!

'सिटी' या शब्दाची कथा निराळीच आहे. लॅटिनमध्ये 'सिव्हिस' म्हणजे नागरिक. त्यावरून 'सिव्हिटास', म्हणजे नागरिकांचा समुदाय, हा शब्द झाला आणि त्यापासून सिटी. मराठीत नगरावरून नागरिक झाला. लॅटिनमध्ये नागरिकांवरून नगर झाले.

ब्रिटनमध्ये सिटी हा राजाने किंवा राणीने द्यावयाचा मान आहे. वेल्समधील सेंट डेव्हिड्स या गावाची वस्ती दोन हजारांहूनही कमी. तरी १९९५ साली राणीच्या सनदपत्राने ते सिटी झाले. उलट, दीड लाखाहून अधिक वस्तीच्या रेडिंग या टाउनने वारंवार अर्ज करूनही २०२२ सालापर्यंत त्याला तो मान लाभला नाही.

मिळालेला मान जातोही. केंट परगण्यातील रॉचेस्टर शतकानुशतके सिटी होते. १९९८ साली तेथील स्थानिक कारभाराची फेररचना झाली. त्या वेळी जुन्या सनदेचा वारसा सांभाळणारे विश्वस्त नेमावयाचे राहून गेले आणि तो मान नाहीसा झाला. ही गोष्ट पालिकेच्या ध्यानी आली ती २००२ साली! किल्ला, कॅथीड्रल, रस्ते, घरे सारे जागच्या जागी होते. नाव मात्र गेले होते.

वस्ती दगडविटांनी उभी राहते. परंतु तिचा मान राखावयास जागरूक नागरिकच लागतात. सिटी या शब्दाच्या मुळाशी नागरिक आहे, तो उगाच नव्हे.

स्वाध्याय

१. 'नागरिक' आणि 'सिव्हिटास' हे शब्द कशावरून झाले? त्यांत कोणता फरक आहे?
२. रॉचेस्टरचा मान कसा गेला, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'वाडी', 'पेठ' व 'पूर' यांनी शेवट होणारी आपल्या परिसरातील नावे जमवा आणि ती कशी पडली, हे वडीलधाऱ्यांना विचारा.