कचारगडची देवसंख्या आणि डीएनएतील मोजणी

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे गोंड बांधवांचे थवेच्या थवे निघतात. त्यांच्यात सोयरीक जुळवण्यापूर्वी देव किती, हे पाहिले जाते : चार, पाच, सहा की सात. समान देवसंख्येचे लोक भाऊबंद मानले जातात. त्यांच्यात विवाह होत नाही. संख्येवरून नाते ओळखण्याची ही रीत आम्हाला वर्गात डीएनएचा धडा समजावताना उपयोगी पडते.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला ग्रंथ. त्यात काही ठिकाणी ‘जीएटीए’सारखा छोटा शब्द सलग पुन्हा पुन्हा येतो. एकाच ठिकाणी तो कोणाकडे ९ वेळा, कोणाकडे १२ वेळा आढळतो. प्रत्येकाजवळ अशा दोन संख्या असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. पिढ्यानुपिढ्या नक्कल होताना क्वचित एखादा शब्द वाढतो वा गळतो; त्यातून समाजात वैविध्य निर्माण होते. पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतील अशाच पुनरावृत्तीच्या आधारे डॉ. लालजी सिंह यांनी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए ठशांचे तंत्र विकसित केले. त्यामुळे माय-लेकरांचे नाते सिद्ध करता येते. मात्र १२ ही संख्या ९ पेक्षा श्रेष्ठ ठरत नाही.

मग समाजासमाजांत फरक किती? २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५२ समाजांतील १,०५६ व्यक्तींची अशी ३७७ ठिकाणे तपासली गेली. एकूण भिन्नतेपैकी ९३ ते ९५ टक्के भिन्नता एकाच समाजातील व्यक्तींमध्ये होती. उरलेल्या अल्प फरकावरून पूर्वजांच्या प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. माणसाची योग्यता नव्हे.

भारतात हा अल्प फरक टिकला कसा? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की, जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी भारतातील लोकसमूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. पुढे अंतर्विवाह रूढ झाला. बंदिस्त समूहात काही संख्या केवळ योगायोगाने अधिक प्रचलित होतात. म्हणजे फरक होता म्हणून भिंत उभारली गेली नाही. भिंत उभारली म्हणून फरक साचला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण ही भिंत नाकारली. तरीही मुलामुलींसाठी स्थळ पाहताना बावणे, लाडवण की कोसरे, हा प्रश्न आपल्या घरांत अजून दबक्या आवाजात विचारला जातो. गोंड बांधवांचा देवसंख्येचा प्रश्न सोयरीक भाऊबंदांच्या बाहेर नेतो. आपला प्रश्न तिला पोटजातीत कोंडतो. या शाळेच्या वसतिगृहात एका पंगतीत जेवून मोठ्या झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी, निदान आपल्या लेकरांच्या वेळी, तो विचारू नये, एवढीच आम्हा शिक्षकांची अपेक्षा आहे.